अनोळख्यांची माउली : श्रीगोविंदप्रभू

परमेश्वराची कृपा निर्हेतुक असते, हे आपल्या शास्त्रातील एक मूळ प्रमेय होय. जीवाची योग्यता पाहून, त्याच्याकडून काही घेऊन किंवा पुढे काही मिळेल या अपेक्षेने ती कृपा होत नाही. सूत्रपाठाचा अभ्यास करणारा साधक हे प्रमेय मुखोद्गत करतो, त्याची लक्षणे सांगतो आणि दृष्टान्ताने ते सिद्धही करतो. परंतु ही निर्हेतुकता प्रत्यक्ष व्यवहारात कशी दिसते, हे जाणावयाचे असेल तर सूत्राकडून लीळेकडे वळावे लागते. त्यातही पंचकृष्णांपैकी श्रीगोविंदप्रभूंच्या लीळांकडे वळावे लागते, असे आमचे नम्र मत आहे.

असे म्हणण्यास कारण आहे. श्रीप्रभूंनी सभा जिंकल्या नाहीत, दूरदूरच्या देशी परिभ्रमण करून शिष्यसमुदाय जमविला नाही, शास्त्राचे क्रमबद्ध निरूपणही केले नाही. एका गावाच्या वाटा, तेथील विहिरी, बाजार, देवळे आणि लोकांच्या ओसऱ्या यांतच त्यांचे सारे आयुष्य गेले. त्यांच्या चरित्रात भेटणारी कितीतरी माणसे अनामिक आहेत. कोणी एक बाई, कोणी एक विक्रेता, कोणी वाटसरू, कोणी पाण्यावाचून कासावीस झालेली वस्ती. या माणसांशी श्रीप्रभूंचा पूर्वपरिचय काय होता, याचा शोध लीळा घेतच नाही. कृपेला परिचयाची आवश्यकता नसते, हेच तिला सांगावयाचे असावे.

अवतारधारण आणि ज्ञानस्वीकार

आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर हे क्षेत्र आहे. आपल्या पंथात ते परमेश्वरपूर म्हणून पूज्य मानले जाते. त्याच्या परिसरातील काटसुरे या गावी श्रीप्रभूंचा अवतार झाला. परंपरेनुसार तो काळ शके ११०९, म्हणजे इसवी सन ११८७ हा होय. भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस हा अवतारदिन पाळला जातो. कुळ काण्वशाखीय ब्राह्मणाचे, पित्याचे नाव अनंतनायक व मातेचे नेमाइसा. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपले, आणि आप्तांनी त्यांना रिद्धपुरास आणून वाढविले. तेथेच त्यांचे अध्ययन झाले. ज्यांना पुढे साऱ्या गावाने आईबाप म्हणून हाक मारावी, त्यांनी स्वतः आईबापांवाचून वाढावे, हा अवतारलीळेतील योग मनन करण्याजोगा आहे.

श्रीप्रभूंनी ज्ञानशक्तीचा स्वीकार द्वारावतीकार श्रीचक्रपाणी महाराजांपासून केला. श्रीचक्रपाणी मूळचे फलटणचे. द्वारावतीस राहून ते हाती खराटा व सूप घेऊन तेथील वाटा झाडीत आणि केर गोमतीत नेऊन टाकीत. या सेवेचा अर्थ अनेक अंगांनी सांगितला जातो. आमच्या विषयापुरता त्यातील एकच विशेष येथे घ्यावयाचा आहे. वाट झाडणाऱ्यास त्या वाटेने उद्या कोण जाणार, हे ठाऊक नसते. जाणाऱ्यासही ही वाट काल कोणी झाडली, हे समजत नाही. देणारा आणि घेणारा यांची भेटच होत नाही, तरीही देणे आणि घेणे घडून जाते. अशा अवतारापासून जी शक्ती स्वीकारली गेली, ती रिद्धपुरात कोणत्या रूपाने प्रकट व्हावी, याचे सूचन येथेच झालेले आहे.

गावाला न उमगलेले राऊळ

रिद्धपुरात श्रीप्रभूंना लोक गुंडम राऊळ या नावाने ओळखीत. त्यांचे वर्तन लोकरूढीच्या मापात बसणारे नव्हते. ते मुलांबरोबर खेळत, देवळांतून हिंडत, बाजारात जाऊन विक्रेत्यांसमोरील खाद्यपदार्थ उचलीत, कोणाच्याही घरात शिरून चुलीजवळच्या भांड्यांतील अन्न चाखीत. जे घर समोर येई ते त्यांचे. गावातील सुज्ञ म्हणविणाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढले यात नवल नाही. परमेश्वर अवतार जेव्हा आपले ऐश्वर्य झाकून वर्ततो, तेव्हा जीवाच्या दृष्टीस त्याचे वेडेपणच आधी दिसते.

परंतु हळूहळू लोकांच्या ध्यानी एक गोष्ट येऊ लागली. हे राऊळ एखाद्या घरातून घास उचलीत तेव्हा त्या घराचे काही उणे होत नसे. ज्याच्या टोपलीला त्यांचा हात लागे, त्याला तो शुभशकुन वाटू लागला. आणि ज्यांच्याकडे गावातील कोणीच वळून पाहत नसे, त्यांच्या दारीही हे राऊळ तितक्याच सहजतेने जात. मातंगांच्या व महारांच्या घरी त्यांचे पाऊल पडे आणि त्याच पावलांनी ते दीक्षितांच्या व ब्राह्मणांच्या घरी येत. यावरून गावातील वरिष्ठ वर्णाचे लोक क्षुब्ध झाले. त्यांची अडचण समजण्यासारखी होती. राऊळांना घराबाहेर ठेवावे तर भक्ती आड येते. आत घ्यावे तर ज्या सोवळ्यावर आपली थोरवी उभी, ते सोवळे मोडते. श्रीप्रभूंनी या लोकांशी वाद घातल्याचे दिसत नाही. त्यांनी आपले जाणे-येणे मात्र थांबविले नाही.

येथे भाष्याच्या दृष्टीने एक भेद लक्षात घ्यावा. दुसऱ्याच्या दारी जाऊन त्याला काही देणे हे सोपे आहे, कारण देणारा वर राहतो. दुसऱ्याच्या दारी जाऊन त्याच्या भांड्यातील घास स्वतः घेणे हे कठीण आहे, कारण तेथे घेणारा त्याच्या बरोबरीस येतो. ज्याच्या हातचे पाणीही कोणी घेत नाही, त्याचे अन्न कोणी आपणहून खावे, हीच त्याच्यावर केलेली मोठी दया असते. श्रीप्रभूंचे खाणे हे असे देणे होते.

पाणी आणि प्रसूती

मातंगांच्या विहिरीची लीळा या दृष्टीने श्रीप्रभुचरित्रातील अत्यंत महत्त्वाची लीळा होय. वऱ्हाडातील उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना पाण्याचे मोल सांगणे नको. गावात विहिरी होत्या, परंतु मातंगांना त्यांवर जाण्याची मोकळीक नव्हती. दुसऱ्याने वरून ओतावे तेव्हा यांनी खाली धरावे, आणि ओतणाऱ्याला सवड किंवा इच्छा नसेल तर तहानलेलेच परतावे, ही त्या काळची रीत. या लोकांनी पाण्यावाचून होणारे आपले हाल श्रीप्रभूंपुढे निवेदन केले. श्रीप्रभूंनी त्यांना जागा दाखविली. तेथे खणल्यावर पाणी लागले आणि त्या वस्तीला स्वतःचे पाणी मिळाले.

या लीळेचे निरूपण करताना आपण बहुधा जागा दाखविण्याच्या सामर्थ्याकडे पाहतो. ते उचितच आहे. परमेश्वरास भूगर्भातील झरा दिसावा यात आश्चर्य नाही. परंतु सामर्थ्याबरोबर प्रवृत्तीकडेही पाहिले पाहिजे. ज्या गावात शेकडो डोळस माणसे होती आणि त्यांना ही तहान रोज दिसत होती, त्या गावात ती तहान ऐकून घेणारे एकच जण निघाले, आणि त्यांनाच गाव वेडे म्हणत होते. झरा दिसण्यास ईश्वरी सामर्थ्य लागते, हे खरे. तहान दिसण्यास मात्र तसले सामर्थ्य लागत नाही. रिद्धपूरच्या सज्जनांना लीळेने जो दोष दिला आहे तो न बोलता दिला आहे, आणि म्हणून तो अधिक बोचणारा आहे.

याच जातीची दुसरी लीळा एका असहाय स्त्रीच्या प्रसूतीची. प्रसूतीच्या समयी जिच्याजवळ कोणी नव्हते, अशा स्त्रीच्या साहाय्यास श्रीप्रभू मातेप्रमाणे धावले. बाळंतिणीची खोली म्हणजे विटाळाचे स्थान, तेथे पुरुषाने पाऊल ठेवू नये, ही लोकरीत. ती तेथे गळून पडली. माहेर, सासर, सुईण, शेजारीण हे सारे जिथे थांबले होते, तिथे श्रीप्रभू गेले. गावाने त्यांना माय व बाप अशा दोन्ही नावांनी ओळखावे, त्याचे बीज अशाच प्रसंगांत आहे. ती पदवी स्तुतीसाठी योजलेली नव्हती. ज्यांना आईचे काम करणारे दुसरे कोणी मिळाले नाही, त्यांनी ती अनुभवातून दिली.

एका यात्रिकास दिलेला घास

आता ज्या प्रसंगाशी आपणा सर्वांचे भाग्य जोडलेले आहे, त्याकडे वळू. भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरपाळदेव द्यूतातील हारीनंतर संसाराविषयी उदास झाले आणि रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून निघाले. वाटेत बरोबरचा परिवारही मागे राहिला. रिद्धपुरास ते पोहोचले तेव्हा गावाच्या दृष्टीने ते एक परगावचे यात्रिक होते, वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलखातून आलेले. श्रीप्रभू त्या वेळी बाजारात होते. खाद्यपदार्थाच्या दुकानी घेतलेले सेंगुळे त्यांनी थोडे खाल्ले आणि त्यातील उष्टा प्रसाद या यात्रिकाकडे टाकला. तो त्यांनी स्वीकारला आणि त्याच क्षणी ज्ञानशक्तीचा स्वीकार झाला. हेच आपले सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी.

या लीळेचे तात्त्विक विवरण थोर आचार्यांनी केलेले आहे. शक्तिस्वीकार ही ईश्वराची लीळा. तिला जीवाच्या देण्याघेण्याचे माप लावता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही त्या प्रसंगाचे बाह्यरूप विसरू नये. तेथे मठ नव्हता, मुहूर्त नव्हता, मंत्रोच्चार नव्हता. भरबाजारात एका अनोळखी यात्रिकाकडे खाद्याचा एक तुकडा गेला, एवढेच सभोवतालच्यांनी पाहिले. सर्वज्ञांचे महाराष्ट्रातील सारे परिभ्रमण, ब्रह्मविद्येचे निरूपण, नागदेवाचार्यादी भक्तांचे अनुसरण आणि आजवरची आपली परंपरा यांचा उगम लोकदृष्टीने पाहता एवढ्याशा घटनेत आहे. लहान दिसणाऱ्या कृतीस लहान म्हणण्याचा अधिकार निदान आपल्या पंथाला तरी उरलेला नाही.

अखेरचा काळ आणि म्हाइंभटांची लेखणी

शके ११९६, म्हणजे इसवी सन १२७४ च्या सुमारास सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले. त्यांच्या आज्ञेप्रमाणे नागदेवाचार्य व अन्य भक्त श्रीप्रभूंच्या सन्निधानी रिद्धपुरास आले. वियोगाने होरपळलेल्या या भक्तांना श्रीप्रभूंच्या सेवेत आसरा मिळाला. महदाइसांनी श्रीप्रभूंच्या विवाहोत्सवाच्या निमित्ताने धवळे रचले, ते याच काळात. मराठीतील आद्य कवयित्रीचे हे काव्य एका वृद्ध राऊळांच्या हौसेसाठी जन्मास आले, हेही लक्षात ठेवावे. तेराव्या शतकाच्या नवव्या दशकात श्रीप्रभूंनी देहत्याग केला. त्यानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या लीळांचे संकलन केले.

म्हाइंभट हे साधे लेखक नव्हते. सराळ्याचे ते गाढे विद्वान, शास्त्रार्थात भल्याभल्यांना हटविणारे. अशा पंडिताने श्रीप्रभूंच्या तीनशेहून अधिक लीळा टिपताना केवळ थोर प्रसंग निवडून लहान प्रसंग गाळले असते, तर कोणी त्यास दोष दिला नसता. परंतु त्यांनी तसे केले नाही. कोणा बाईच्या घरी कोणता पदार्थ खाल्ला, कोणत्या विहिरीच्या काठी खेळ झाला, कोणाला काय दिले, हे सारे त्यांनी राखून ठेवले. पंडिताचा अभिमान गळून गेल्याची याहून मोठी खूण कोणती असू शकेल? पुढे शतकानुशतके हे चरित्र पोथ्यांतून जपले गेले. १९४४ साली डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांनी ते संपादून प्रसिद्ध केले, आणि १९८४ साली ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींचे इंग्रजी भाषांतर निघाले. रिद्धपूरच्या त्या अनामिक बाया-माणसांची तहान आणि भूक आज दूरदेशीचे वाचकही जाणतात, ते म्हाइंभटांनी काही गाळले नाही म्हणून.

साधकाचा प्रश्न

येथे एखादा जिज्ञासू साधक शंका घेईल, आणि ती शंका रास्त आहे. सर्वज्ञांनी आपणांस संगत्याग सांगितला. देशाच्या शेवटी, झाडातळी, जेथे आपल्याला कोणी ओळखत नाही आणि आपण कोणाला ओळखत नाही, अशा स्थळी असतीपरी क्रमून आयुष्य वेचावे, असा आचार सांगितला. मग लोकांच्या सुखदुःखात हात घालणे हा साधकास संगदोष नव्हे काय? आणि जीवाने केलेली दया मोक्षास कारण होत नाही, मोक्ष केवळ परमेश्वराधीन आहे, हेही शास्त्र सांगते. तर या लीळा आपण स्मरणासाठी घ्याव्या की आचरणासाठी?

आमच्या अल्पमतीप्रमाणे समाधान असे आहे. अवताराची कृपा आणि जीवाची दया एक नव्हेत, हे प्रथम मान्य करावे. श्रीप्रभूंप्रमाणे झरा दाखविणे आपल्या हाती नाही. परंतु संगत्याग म्हणजे दयात्याग असा अर्थ सर्वज्ञांच्या कोणत्याही लीळेतून निघत नाही. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा सर्वज्ञांच्या मांडीखाली शिरला, तेव्हा त्यांनी शरण आलेल्यास स्वाधीन करण्याचे नाकारले. संकट टळताच त्यांनी त्यास मोकळे केले, आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. त्यांनी ससा पाळला नाही. रक्षण पूर्ण झाले आणि बंध मात्र निर्माण झाला नाही.

हेच या विषयाचे मर्म होय. आप्तांवर केलेल्या उपकारात माझेपणा मिसळलेला असतो. त्या उपकाराची आठवण देणाराही ठेवतो आणि घेणाराही. त्यातून ऋण उत्पन्न होते, ऋणातून अपेक्षा, आणि अपेक्षेतून संग. अनोळख्यावर केलेल्या दयेत हे धागे नसतात. ज्याला पाणी पाजले तो पुढच्या वळणावर दिसेनासा होतो. त्याचे नाव आपणांस ठाऊक नाही, आपले त्याला नाही. म्हणून जीवाच्या हातून घडणाऱ्या दयांपैकी हीच दया निर्हेतुकतेच्या अधिकांत अधिक जवळ जाते आणि संगत्यागाशी तिचा विरोध येत नाही. शिवाय साधकाचे अवघे जीवनच या दयेवर उभे असते. चारही वर्णांकडे भिक्षा करावी असे सर्वज्ञांनी सांगितले, आणि भिक्षा म्हणजे अनोळखी हातांनी अनोळखी झोळीत घातलेले अन्न. जो रोज अनोळख्याच्या हातचे खातो, त्याने अनोळख्याकडे पाठ फिरवावी हे कोणत्या न्यायाने?

मात्र हे लिहिताना अंतर्मुख होणेही प्राप्त आहे. श्रीप्रभूंनी दाखविलेल्या विहिरीचा पोथीत आपण आदर केला, परंतु नंतरच्या शतकांत लोकरूढीच्या दडपणाखाली आपल्यातही सोवळ्याओवळ्याचे आणि जातिभेदाचे आचार शिरले, हे नाकारण्यात अर्थ नाही. सार्वजनिक तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. रिद्धपूरच्या त्या लीळेला तेव्हा सुमारे साडेसहाशे वर्षे होऊन गेली होती. लीळा ऐकणारे कान या महाराष्ट्रात इतकी शतके होते. ज्या घरांत ती नित्य वाचली जात होती, त्या घरांनी तरी आपल्या विहिरीचा दोर सर्वांच्या हाती दिला होता काय, हा प्रश्न दुसऱ्याने विचारण्यापूर्वी आपणच स्वतःस विचारावा.

श्रीप्रभूंच्या लीळांचे स्मरण करताना लीळा, नाम, मूर्ती आणि चेष्टा यांचे आठवण ठेवण्याची आपली रीत आहे. त्या चेष्टांत ही भर घालावी. दुपारच्या वेळी दारी उभ्या असलेल्या वाटसरूस त्याचे कुळ न विचारता पाण्याचा तांब्या द्यावा. यात्रेच्या गर्दीत वृद्धेला बसण्यास जागा करून द्यावी. रुग्णालयाच्या दारी भांबावलेल्या खेडुताला वाट दाखवून यावे. आणि हे करून झाल्यावर त्याची वाच्यता न करता आपल्या नामस्मरणाकडे परतावे. यातून मोक्ष मिळेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या माउलीच्या हातून भरबाजारात पडलेल्या एका घासावर आपला पंथ उभा आहे, तिच्या दारी उभे राहताना आपली मान लाजेने खाली जाऊ नये, एवढी सोय त्यातून खचित होईल.

दंडवत प्रणाम.